काटा ते बिल: दूध संकलन केंद्राच्या सीरियल जोडणीच्या नोंदी

काम असं: गावातल्या दूध संकलन केंद्रावरचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि फॅट मशीन संगणकाला जोडायचं. वजन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) हाताने टाइप न होता थेट नोंदले जायला हवेत. प्रोग्राम पायथॉनमध्ये, सीरियल पोर्टसाठी (जिथून बिट एकामागून एक येतात) पायसीरियल, पडद्यासाठी टीकेइंटर, साठवणीसाठी एसक्यूलाइट. केंद्रावरचा संगणक विंडोज १० चा, ४ जीबी रॅमचा, त्याला जुना नऊ पिनी पोर्ट नाही.

एक अट पहिल्या दिवशीच ठरली. काट्याच्या डिस्प्लेवर दूध उत्पादकाला जो आकडा दिसतो, तोच पावतीवर यायला हवा. १० ग्रॅमचाही फरक चालणार नाही. पुढचे बहुतेक निर्णय या अटीतून आले आहेत.

३ नोव्हेंबर: पाहणी आणि वायरिंग

काटा ६० किलो क्षमतेचा, १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. इंडिकेटरच्या (काट्याचा डिस्प्ले असलेल्या डब्याच्या) मागे नऊ पिनी कनेक्टर आहे. काट्यावर वैधमापन विभागाच्या पडताळणी-मुद्रांकनाचं सील आहे, त्यामुळे इंडिकेटर उघडायचा नाही, आत काही जोडायचं नाही. जे करायचं ते बाहेरच्या कनेक्टरवर.

सामान: एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२आर चिपच्या यूएसबी-आरएस२३२ (जुन्या सीरियल पोर्टचं मानक) केबल २, तीन तारांची शील्डेड केबल ६ मीटर, नऊ पिनी कनेक्टर कव्हरसह ४, मल्टिमीटर, सोल्डरिंगचं साहित्य.

संगणकाच्या बाजूला पिन २ वर डेटा येतो, पिन ३ वरून जातो, पिन ५ ग्राउंड. यंत्राच्या बाजूला मात्र कोणत्या पिनवरून डेटा निघतो हे यंत्र बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेलं असतं. माहितीपुस्तिका हाताशी नसेल तर मीटर सांगतो. इंडिकेटर चालू, केबल काढलेली, मीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब पिन ५ वर. मग पिन २ आणि पिन ३ तपासायच्या. आरएस-२३२ मध्ये लाइन निवांत असताना पाठवणारी पिन ऋण व्होल्टवर बसते (मानकानुसार −५ ते −१५, ऐकणाऱ्याला −३ पर्यंत चालतं) आणि ऐकणारी पिन शून्याजवळ राहते. इथे पिन ३ वर उणे साडेचार ते पाच व्होल्ट दिसले आणि आकडा सारखा डळमळत होता. डळमळणं ही चांगली खूण आहे: यंत्र न विचारता सतत ओळी पाठवतंय, आणि प्रत्येक ओळीत लाइन धन बाजूला जाऊन येत असल्यामुळे मीटरची सरासरी कमी ऋण दिसते.

म्हणजे इंडिकेटरची पिन ३ संगणकाच्या पिन २ ला, ५ ला ५. क्रॉस जोडणी. संगणकाची पिन ३ इंडिकेटरच्या २ ला जोडून ठेवली आहे, पण सध्या काट्याला काही पाठवायचं नाही. शील्डचं टोक फक्त संगणकाच्या बाजूला जोडलं, दुसरं मोकळं ठेवून टेप लावला.

मीटरने निवांत अवस्थेत +५ किंवा +३.३ दाखवले असते तर तो आरएस-२३२ नसून टीटीएल पातळीचा सिग्नल ठरला असता. तशा वेळी मधे मॅक्स२३२ जातीची चिप लागते किंवा टीटीएल प्रकारची यूएसबी केबल. तो सिग्नल आरएस-२३२ केबलला सरळ जोडला तर निवांत लाइनच उलटी वाचली जाते आणि हाती कचरा येतो.

४ नोव्हेंबर: आधी बाइट, मग कोड

कोडची एकही ओळ लिहिण्याआधी टर्मिनल प्रोग्राम हेक्स (सोळाच्या पायावरचे आकडे) दाखवण्याच्या सेटिंगवर ठेवून बाइट पाहिले. सुरुवात ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ८ बिट, पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट अशी. डेटा आला, पण अर्धवट वाचता येईल असा. डिस्प्लेवर २३.४५ असताना आकड्यांच्या जागी हे आठ बाइट:

२बी ३० ३० बी२ ३३ २ई बी४ ३५

अधिकचं चिन्ह, दोन शून्यं, ३, दशांश बिंदू आणि ५ बरोबर. २ आणि ४ च्या जागी मात्र कचरा. बॉड रेट चुकला असता तर सगळंच बिघडलं असतं, निवडक आकडे वाचले नसते. म्हणून वेग ठीक आहे, गडबड बिटांच्या मांडणीत आहे.

२ चा आस्की कोड (अक्षराचा ठरलेला क्रमांक) हेक्स ३२. बायनरीत त्यात तीन एक, म्हणजे विषम. सम पॅरिटीत एकांची संख्या सम करायला आठवा बिट १ होतो आणि ३२ चा बी२ दिसतो. ३ चा कोड ३३, त्यात चार एक, आठवा बिट ०, म्हणून तो जसाच्या तसा. हाच हिशेब सगळ्या अंकांना लावला तर ०, ३, ५, ६, ९ नीट दिसतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडतात. हा साचा दिसला की समजायचं: यंत्र ७ बिट, सम पॅरिटी, १ स्टॉप बिट वापरतंय. वजनकाट्यांमध्ये ही मांडणी बरीच आढळते. पोर्ट ७ बिट सम पॅरिटीवर उघडला आणि ओळ स्वच्छ आली.

पोर्ट ८ बिटांवरच ठेवून कोडमध्ये आठवा बिट पुसून टाकायचा, असा एक उपाय अनेक जुन्या प्रोग्राममध्ये दिसतो. आकडे येतात, पण पॅरिटीचा अर्थच उरत नाही. तो मार्ग घेतला नाही.

तरी पॅरिटीवर भिस्तही ठेवायची नाही. विंडोजवर पायसीरियल पॅरिटी चुकल्याबद्दल कोणताही अपवाद (एरर) फेकत नाही, चुकलेला बाइटही गुपचूप पुढे येतो. ओळ खरी की खोटी हे आपल्या कोडनेच तपासायचं.

ओळीची रचना अशी: स्थितीची दोन अक्षरं (एसटी म्हणजे स्थिर, यूएस म्हणजे अस्थिर, ओएल म्हणजे क्षमतेबाहेर), स्वल्पविराम, मग जीएस किंवा एनटी (एकूण किंवा टेअर, म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन, वजा करून), स्वल्पविराम, चिन्ह, दशांश बिंदू धरून सात अक्षरांत आकडा, शेवटी केजी. एकूण १६ अक्षरं, मग सीआर आणि एलएफ (ओळ संपल्याच्या खुणा), म्हणजे १८ बाइट. प्रत्येक बाइटला स्टार्ट, सात डेटा, पॅरिटी आणि स्टॉप मिळून १० बिट. ९६०० ला एका ओळीला १८.७५ मिलिसेकंद. सेकंदाला १० ओळी येतात.

५ नोव्हेंबर: ओळ तोडण्यातली चूक आणि गेलेले ५० ग्रॅम

पहिल्या चाचणी कोडमध्ये रीडलाइन (पोर्टमधून एक ओळ वाचणारं फंक्शन) वापरलं होतं, टाइमआउट ०.०५ सेकंद. दिसायला सगळं ठीक. दोन तास लॉग घेतल्यावर अधूनमधून २३.४५ च्या ओळींमध्ये एखादी २३.४ सापडली.

कारण असं. यूएसबी केबल बाइट एकेक करून देत नाही, गठ्ठ्याने देते. एफटीडीआयच्या ड्रायव्हरमध्ये लेटन्सी टायमर मुळात १६ मिलिसेकंदांचा असतो. बफर भरला नाही तर तेवढं थांबून जे साठलं असेल ते पुढे ढकललं जातं. त्यामुळे एक ओळ दोन गठ्ठ्यांत विभागली जाणं ही रोजचीच गोष्ट. त्यात संगणक दुसऱ्या कामात असला की टाइमआउट मधेच संपतो, आणि रीडलाइन तेव्हा अपवाद न फेकता हाती असलेला तुकडा परत देतं. त्या तुकड्यातून आकडा काढणारा कोड ढिला असेल तर २३.४ हीसुद्धा वैध संख्या. उत्पादकाचं ५० ग्रॅम दूध गेलं, आणि पडद्यावर काहीच चुकलेलं दिसत नाही.

सुधारणा:

रीडलाइन काढून टाकलं. जे बाइट येतील ते स्वतःच्या बफरला जोडायचे, सीआर-एलएफ सापडेल तिथेच ओळ तोडायची, उरलेला तुकडा पुढच्या वाचनासाठी तसाच ठेवायचा. पोर्ट उघडल्यावरची पहिली ओळ नेहमी फेकायची, कारण आपण कुठल्या तरी ओळीच्या मध्यात ऐकायला सुरुवात केलेली असते.

ओळ बरोबर १६ अक्षरांची नसेल तर ती नाकारायची. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा) पूर्ण ओळीला जुळलं पाहिजे, ओळीत कुठेतरी आकडा सापडला एवढं पुरत नाही. दशांश बिंदूनंतर दोनच अंक, ना कमी ना जास्त.

बफर २५६ बाइटांवर गेला आणि त्यात एकही ओळ पूर्ण झाली नसेल तर तो रिकामा करून लॉगमध्ये नोंद टाकायची. बहुधा बॉड रेट बदललेला असतो.

नाकारलेल्या ओळी मोजणारा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत ठेवला. तो वाढत असेल तर केबल तपासायची वेळ आली.

७ नोव्हेंबर: शिळं वजन

बटण दाबलं की पोर्टमधून एक ओळ वाचायची, ही रचना सगळ्यात सोपी वाटते आणि सतत पाठवणाऱ्या काट्याच्या बाबतीत सगळ्यात घातक आहे.

पायसीरियल विंडोजकडे ४०९६ बाइटांचा बफर मागतं. काटा सेकंदाला १८० बाइट पाठवतो. कोणी वाचत नसेल तर २२-२३ सेकंदांत बफर भरतो, आणि भरल्यावर नवे बाइट टाकले जातात, जुने तसेच राहतात. आता बटण दाबल्यावर बफरच्या तोंडाशी जी ओळ आहे ती आत्ताची नाही. मागच्या उत्पादकाची बादली काट्यावर होती तेव्हाची आहे! एकाचं वजन दुसऱ्याच्या खात्यावर, तेही पूर्ण वैध स्वरूपात. वाचण्याआधी बफर रिकामा करणं हा अर्धा उपाय आहे. त्यानंतर पहिला तुकडा अर्धवट ओळीचाच येतो, आणि ५ तारखेचा घोळ परत समोर.

म्हणून वाचन अखंड चालू ठेवलं. एक वेगळा थ्रेड (प्रोग्राममधलं समांतर चालणारं काम) फक्त पोर्ट वाचतो, ओळ तपासतो आणि वेळेच्या शिक्क्यासह रांगेत टाकतो. पडद्याचा थ्रेड दर १०० मिलिसेकंदांनी रांग पूर्ण रिकामी करतो आणि शेवटची ओळ दाखवतो. वाचणाऱ्या थ्रेडने पडद्याला थेट हात लावायचा नाही. टीकेइंटर ते सहन करत नाही, आणि बिघाड लगेच न दिसता कधीतरी भर गर्दीत दिसतो.

शेवटच्या वैध ओळीला ५०० मिलिसेकंद झाले की पडद्यावरचा आकडा पुसून तिथे रेघा येतात आणि नोंद करण्याचं बटण बंद होतं. शिळा आकडा पडद्यावर ठेवायचाच नाही.

९ नोव्हेंबर: स्थिर कशाला म्हणायचं

किटलीतून बादलीत दूध ओतलं की ते हिंदकळत राहतं. इंडिकेटर एसटी म्हणतो तेव्हा त्याच्या हिशेबाने वजन स्थिर असतं, पण ओतता ओतता हात क्षणभर थांबला तरी एसटी येऊन जातो. नुसत्या त्या दोन अक्षरांवर नोंद घेतली तर अर्ध्या किटलीचं वजन लागेल.

सध्याचा नियम: सलग ८ ओळी एसटी, आठही ओळींत आकडा तंतोतंत सारखा, वजन ०.५० किलोच्या वर. ८ ओळी म्हणजे ०.८ सेकंद. ५ ओळींवर ओतताना चुकीची पकड होत होती, १५ वर चालवणाऱ्याला ताटकळावं लागत होतं. ८ हा आकडा या काट्यापुरता आणि इथल्या बादलीपुरता आहे, म्हणून तो सेटिंगमध्ये ठेवला. आणि तरीही नोंद आपोआप होत नाही. आकडा हिरवा होतो, चालवणारा एंटर दाबतो. किटली पूर्ण रिकामी झाली का, हे काट्याला कळत नाही, माणसाला दिसतं.

एकदा नोंद झाली की वजन ०.१० किलोच्या खाली आल्याशिवाय पुढची नोंद होत नाही. एंटर दोनदा दाबला गेल्याने दुहेरी नोंद व्हायची, ती यामुळे थांबली.

बादली ठेवून टेअर केल्यावर एनटी येतं. एनटी नसलेली ओळ नोंदवायचीच नाही, नाहीतर बादलीचं वजन दुधात धरलं जाईल. टेअरनंतर कधी ऋण शून्य येतं, म्हणजे उणे चिन्ह आणि सगळी शून्यं. ते शून्यच समजायचं.

वजन ग्रॅममध्ये पूर्णांक म्हणून साठवलं: २३.४५ चे २३४५०. मजकुरातून थेट पूर्णांक काढायचा, मधे फ्लोट (संगणकाची अंदाजे साठवली जाणारी दशांश संख्या) येऊ द्यायचा नाही.

१२ नोव्हेंबर: फॅट मशीन

या मशीनची तऱ्हा निराळी. सतत काही पाठवत नाही, नमुना तपासून झाला की एकदाच सगळे आकडे पाठवतं: फॅट, एसएनएफ, डिग्री, तापमान, मिसळलेलं पाणी. २४०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही. शेवटी ओळ संपल्याची खूण नाही, त्यामुळे ५ तारखेचा बफर तोडण्याचा कोड इथे चालत नाही. २४०० ला एका बाइटला ४.२ मिलिसेकंद लागतात. शेवटच्या बाइटनंतर २०० मिलिसेकंद शांतता गेली की संदेश पूर्ण झाला असं धरलं, आणि मग एकूण लांबी तपासली.

तांत्रिक भाग अर्ध्या दिवसात झाला. खरा प्रश्न जुळणीचा आहे. वजन १५ सेकंदांत होतं, नमुना तपासायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. सकाळी गर्दी असते तेव्हा नमुन्याच्या बाटल्यांची रांग लागते. वेळेवरून जुळवलं तर एक बाटली मागेपुढे झाली की तिथून पुढच्या सगळ्यांचे फॅट सरकतात. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ पायावर ठरतो, म्हशीच्या दुधाचा ६ आणि ९ वर. फॅटचा एक दशांश म्हणजे पैसे.

म्हणून आपोआप जुळणी ठेवली नाही. वजनाच्या वेळी प्रोग्राम त्या वेळचा बाटली क्रमांक देतो, तो बाटलीवर मार्करने लिहायचा. नमुना मशीनला लावताना तोच क्रमांक टाकायचा. क्रमांक टाकल्याशिवाय आलेले आकडे वेगळ्या यादीत पडून राहतात, कुणाच्याच खात्यावर जात नाहीत. पाण्याने धुण्याची फेरीही एक निकाल पाठवते, तोही याच यादीत अडकतो.

गायीच्या नोंदीला ७ फॅट आला तर प्रोग्राम पिवळा रंग दाखवतो, पण आकडा बदलत नाही किंवा नाकारत नाही. यंत्राने दिलेला आकडा दुरुस्त करण्याचा अधिकार प्रोग्रामला नाही.

१४ नोव्हेंबर: पोर्ट बदलले

साफसफाईत दोन्ही केबल काढून उलट्यासुलट्या लावल्या गेल्या. पोर्ट क्रमांकावर विसंबलेला प्रोग्राम इथे पडतो. एफटी२३२आर मध्ये प्रत्येक केबलचा अनुक्रमांक असतो, त्यामुळे केबल कुठल्याही खाचेत लावली तरी विंडोज तोच कॉम क्रमांक देतं, आणि पायसीरियलच्या पोर्ट यादीतून अनुक्रमांक वाचताही येतो. सेटिंगमध्ये आता कॉम क्रमांक नाही, केबलचा अनुक्रमांक आहे. दोन्ही केबलना रंगीत टेप: काटा लाल, फॅट मशीन निळा.

स्वस्त केबलमधल्या काही चिपना अनुक्रमांक नसतो. तिथे विंडोज खाचेवरून क्रमांक ठरवतं आणि दोन सारख्या केबल ओळखायला मार्ग उरत नाही. अशी केबल वापरावीच लागली तर पोर्ट उघडून दोन सेकंद ऐकायचं. एसटी किंवा यूएस ने सुरू होणाऱ्या ओळी आल्या की तो काटा.

विंडोजच्या मूळ फंक्शनने पोर्ट उघडणाऱ्यांसाठी एक टीप: कॉम ९ पर्यंत नुसतं नाव चालतं, १० पासून पुढे नावाआधी दोन उलट्या तिरक्या रेघा, टिंब आणि आणखी एक उलटी रेघ लागते. पायसीरियल हे आपण होऊन करतं.

१५ नोव्हेंबर: माउस आपोआप उड्या मारतो

काटा चालू ठेवून संगणक रीस्टार्ट केला. कर्सर पडद्यावर सैरावैरा, आपोआप क्लिक, खिडक्या उघडताहेत. व्हायरस समजून संगणक फॉरमॅट करायला निघण्याइतकं भयंकर दिसतं.

विंडोज सुरू होताना सीरियल पोर्टवर जुन्या पद्धतीचा सीरियल माउस आहे का, हे शोधतं. काटा सतत बडबडत असतो, त्यातले काही बाइट माउसच्या ओळखीसारखे दिसतात आणि विंडोज वजनाच्या ओळींना माउसच्या हालचाली समजतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत सीरियल बॉलपॉइंट नावाचं उपकरण दिसलं की खात्री पटली.

उपाय: काट्याची केबल काढा, कर्सर शांत होईल. मग पुन्हा लावून ते उपकरण डिसेबल करा. अनइन्स्टॉल करू नका, पुढच्या वेळी परत येतं. एफटीडीआयच्या केबलला पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये सीरियल एन्युमरेटरची खूण काढता येते, म्हणजे ही शोधाशोधच होत नाही. दोन्ही केलं.

१८ नोव्हेंबर: अर्थिंग

बल्क कूलरचा (दूध थंड ठेवणाऱ्या टाकीचा) कंप्रेसर सुरू झाला की आठवड्यातून दोन-तीनदा पोर्ट नाहीसा होत होता. केबल जोडण्याआधी संगणकाची बॉडी आणि इंडिकेटरचं ग्राउंड यांच्यामध्ये मीटर एसी व्होल्टवर लावला: ९० च्या वर. संगणक ज्या बोर्डावर होता त्याच्या तिसऱ्या पिनला अर्थच नव्हता. अर्थ नसलेल्या एसएमपीएसची (संगणकाच्या पॉवर सप्लायची) बॉडी आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे वीजपुरवठ्याच्या साधारण अर्ध्या व्होल्टवर तरंगते. करंट अगदी कमी असतो, हाताला झिणझिण्या येतात इतकाच, पण चालू स्थितीत कनेक्टर लावताना तो आधी डेटाच्या पिनमधून गेला तर इंडिकेटरची सीरियल चिप जाते. इंडिकेटर उघडायचा तर सील तुटतं, मग फेरपडताळणी आली.

वायरमनकडून अर्थिंग करून घेतलं. संगणक, काटा आणि फॅट मशीन एकाच बोर्डावर आणले, कूलर वेगळ्या लाइनवर. परत मोजलं: एक व्होल्टच्या आत. डेटा केबल दोन्ही बाजू बंद करूनच लावायची, असं केबललाच चिठ्ठी बांधून लिहिलं. जिथे अर्थिंग हाती नसतं तिथे आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्यावा, साध्या केबलपेक्षा महाग पडतो पण इंडिकेटरपेक्षा स्वस्तच.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद केलं.

तरी पोर्ट कधी ना कधी जाणार, हे धरून कोड लिहिला. वाचताना अपवाद आला की पोर्ट बंद, बफर रिकामा, स्थिर ओळींची मोजणी शून्य, पडद्यावर लाल पट्टी, दर २ सेकंदांनी अनुक्रमांकावरून केबलचा शोध. केबल परत लागली की प्रोग्राम बंद न करता काम पुढे चालू. मोजणी शून्य करणं विसरलं होतं, त्यामुळे तुटण्याआधीच्या ५ आणि नंतरच्या ३ ओळी मिळून ८ धरल्या जात होत्या.

२१ नोव्हेंबर: किलोचे लिटर आणि बिल

काटा किलो देतो, दर लिटरचा. इथे १.०३ ने भागतात. २३.४५ किलोचे २२.७६७ लिटर, पावतीवर २२.७७.

आधीच्या पद्धतीत एकच दशांश ठेवून पुढचं कापलं जात होतं, म्हणजे २२.७. प्रत्येक वेळी इतकं तुटत नाही, पण दोन दशांशांच्या आकड्यातला शेवटचा अंक कापला की सरासरी ०.०४५ लिटर जातं, आणि ते कायम उत्पादकाकडूनच. दहा दिवसांच्या बिलात दोन्ही वेळचं मिळून २० मापं, म्हणजे एका उत्पादकाचं सुमारे ०.९ लिटर. आता दोन दशांश, आणि अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर वर. पायथॉनचं राउंड फंक्शन इथे वापरायचं नाही: ते बरोबर अर्ध्यावर सम अंकाकडे वळतं, शिवाय फ्लोटमधला २.६७५ मुळातच किंचित कमी साठवलेला असल्यामुळे त्याचा २.६७ होतो. सगळा हिशेब पूर्णांकात, राउंडिंग एकदाच, शेवटी.

प्रत्येक नोंदीसोबत काट्याची आणि फॅट मशीनची मूळ ओळ जशीच्या तशी साठवली जाते. महिन्याभराने कोणी पावती घेऊन आला तर यंत्राने काय पाठवलं होतं ते दाखवता येतं. दुरुस्ती करायची झाली तर जुनी नोंद तशीच राहते, नवी खाली येते, कारणासह. प्रत्येक नोंद लगेच कमिट होते (डिस्कवर पक्की लिहिली जाते), कारण लाइट कधीही जाते.

२४ नोव्हेंबर: काट्याशिवाय चाचणी

कॉम०कॉम नावाच्या प्रोग्रामने आभासी पोर्टची जोडी तयार केली. एका टोकाला साठवलेला लॉग त्याच वेगाने परत पाठवणारा छोटा प्रोग्राम, दुसऱ्या टोकाला आपला. त्यात मुद्दाम खोड्या घातल्या: ओळ नवव्या बाइटवर तोडून ३०० मिलिसेकंद थांबणं, एका अंकाचा आठवा बिट उलटवणं, एलएफ गाळणं, एक मिनिट शांत राहून मग एकदम ५० ओळी सोडणं. शेवटच्या खोडीत प्रोग्राम जुन्या ओळींना ताज्या समजत होता, कारण वेळेचा शिक्का वाचण्याच्या क्षणाचा असतो, पाठवण्याच्या नाही. आता ८ ओळी यायला प्रत्यक्षात निदान ०.६ सेकंद गेलेच पाहिजेत, अशी जादा अट आहे.

२८ नोव्हेंबर: पावती

५८ मिलिमीटरचा थर्मल प्रिंटर, रुंदी ३८४ ठिपके. त्याच्या आत देवनागरी फाँट नाही, त्यामुळे पावती चित्र म्हणून पाठवावी लागते. एका ओळीला ४८ बाइट, ५ सेंटिमीटर पावतीला ४०० ओळी, एकूण १९,२०० बाइट. सीरियलवर ९६०० ला याला २० सेकंद लागतात, गर्दीत अशक्य. १,१५,२०० ला पावणेदोन सेकंद, पण हार्डवेअर फ्लो कंट्रोलच्या तारा नसतील तर प्रिंटरचा बफर भरून मधेच अक्षरांचा चिखल होतो. प्रिंटर यूएसबीवर घेतला.

चित्र पिलोने (पायथॉनची चित्रांची लायब्ररी) बनवतो. पहिल्या पावतीवर ‘लिटर’ मधली वेलांटी ल च्या नंतर पडली आणि जोडाक्षरं सुटी छापली गेली. देवनागरीची मांडणी नीट व्हायला पिलोला राक्म ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी लागते, आणि विंडोजवर त्यासाठी फ्रिबिडी या आणखी एका लायब्ररीची डीएलएल फाइल वेगळी ठेवावी लागते. पायइन्स्टॉलरने एक्झी बनवताना ती फाइल सोबत बांधली जात नाही, यादीत हाताने घालावी लागली.

३ डिसेंबर: वहीसोबत

आजपासून दहा दिवस, म्हणजे एक पूर्ण बिल, वही आणि संगणक दोन्ही. सुरुवातीला ५, १० आणि २० किलोची प्रमाणित वजनं ठेवून पाहिली, डिस्प्ले, पडदा आणि पावती तिन्हीकडे एकच आकडा. उत्पादकाला दिसेल असा दुसरा डिस्प्ले भिंतीवर लावायचा आहे. तो संगणकाच्या नाही, इंडिकेटरच्या लाइनवर समांतर घ्यायचा, म्हणजे मधे प्रोग्राम येणार नाही. आरएस-२३२ ची एक पाठवणारी पिन दोन ऐकणाऱ्यांना पुरते का, हे जोडल्यावर मीटरने बघायचं: मीटरचा आकडा आत्ताच्या उणे साडेचार-पाचवरून −३ च्या जवळ घसरला तर मधे सिग्नलला जोर देणारा बफर घालावा लागेल.